गुलमर्गच्या बर्फात बुटाने शिकवलेला धडा

आमच्या घराण्याचा बर्फाशी संबंध आला तो रसवंतीतल्या उसाच्या रसापुरता. त्यामुळे धाकटी मुलगी एके दिवशी जेवताना म्हणाली, "अण्णा, मला काश्मीरला जाऊन बर्फावर फळी चालवायला शिकायचंय," तेव्हा तिच्या आईची पोळी तव्यावरच करपली.

धाकटी शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. गुलमर्गला दहा दिवसांचा वर्ग असतो, शेवटी परीक्षा होते, श्रेणी मिळते आणि चांगली श्रेणी असली तर पुढच्या वर्गाला जाता येते, हे सारे तिने आधीच चौकशी करून ठेवले होते. फीसुद्धा माझ्याकडे मागितली नाही. दोन सुट्ट्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये घड छाटून आणि पेट्या भरून तिने पैसे साठवले होते. आता अशा पोरीला नाही कसे म्हणायचे? आई मात्र म्हणाली, "अहो, जायचं तर जाऊ दे, पण तुम्ही बरोबर जा. हातपाय धड घेऊन परत आली पाहिजे."

ती जबाबदारी मी घेतली, आणि तिच्यात मी कसा चुकलो तेच आज सांगणार आहे. आपल्या खेड्यातली मुले-मुली आता सैन्यात जातात, गिर्यारोहणाला जातात, शाळा-कॉलेजांच्या सहलींतून हिमालयात जातात. उद्या तुमच्याही घरातले कुणी जाईल. तेव्हा माझी चूक तुमच्या उपयोगी पडावी.

जम्मूपासून तांगमर्गपर्यंत

२०२४ चा फेब्रुवारी. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू आणि तिथून मोटारीने काश्मीर. काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ साली सुरू झाला. त्याच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसराच, असे वाटते. बोगद्यातून बाहेर आलो आणि समोर पांढरे शेत, पांढरी छपरे, सरळ उभे सफेद्याचे झाड.

शेतीखात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाचे डोळे शेताकडेच जातात. रस्त्याच्या कडेला क्रिकेटच्या बॅटींसाठी चिरलेल्या विलोच्या लाकडाच्या चवडी रचल्या होत्या. पुढे पांपोरची केशराची शेते लागली. केशराचे फूल ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, तेव्हा फेब्रुवारीत तिथे पाहण्यासारखे काही नाही. कंद मात्र मातीखाली जिवंत असतात. श्रीनगर ओलांडल्यावर सफरचंदाच्या बागा सुरू झाल्या. पाने झडलेली, खोडे काळपट, फांद्यांवर बर्फ.

आमचा गाडीवाला सांगत होता, की त्या वर्षी जानेवारी जवळजवळ कोरडा गेला. महिना संपता संपता बर्फ पडला तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना फुलोरा नीट यायला हिवाळ्यात सुमारे १००० तास थंडी लागते, आणि डोंगरावरचा बर्फ म्हणजे उन्हाळ्यातल्या ओढ्याचे पाणी. आपण मृगाची वाट पाहतो तशी ती माणसे बर्फाची वाट पाहतात.

तांगमर्ग हे चढणीच्या पायथ्याचे गाव. तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर. हिवाळ्यात गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधून वर जावे लागते. पायथ्याशीच भाड्याने कोट, हातमोजे आणि गमबूट देणाऱ्यांची दुकाने आहेत. माझ्यासाठी मी गमबूट घेतले. मुलीच्या वर्गाचे सामानही भाड्यानेच घ्यायचे होते. फळी, बूट आणि बूट फळीला बांधणारे बाइंडिंग.

दुकानदाराने विचारले, "बुटाचा नंबर?"

मुलगी सांगायच्या आधीच मी बोललो, "नेहमीपेक्षा एक नंबर मोठा द्या. थंडी आहे, दोन मोजे घालील."

आपल्याकडे जूनमध्ये पोराला शाळेचे बूट घेताना आपण काय करतो? वाढत्या अंगाचे घेतो. पुढे कापसाचा बोळा घालतो. दोन वर्षे निघाली पाहिजेत हा हिशेब. माझ्या बापाने माझ्यासाठी तो केला, मी माझ्या मुलांसाठी केला. तोच हिशेब मी हिमालयात नेला.

फळीवरचा खेळ

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढा, तेव्हा गुलमर्गचे मैदान येते. भोवती देवदाराचे रान, मध्ये बशीसारखे कुरण. उन्हाळ्यात तिथे मेंढ्या-घोडे चरतात, हिवाळ्यात माणसे घसरतात. पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ पासून कोंगडूरीपर्यंत जातो आणि दुसरा २००५ पासून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, ३,९०० मीटरांच्याही वर. नवशिक्यांचा उतार खालच्या मैदानालगतच असतो. देशाच्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा २०२० पासून इथे होऊ लागल्या, आणि त्यांत हा फळीचा खेळही असतो.

स्की आणि स्नोबोर्ड यांतला फरक आधी सांगतो. स्कीमध्ये दोन पायांना दोन लांब पट्ट्या असतात आणि तोंड पुढे असते. स्नोबोर्डमध्ये फळी एकच. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधून, बाजूला तोंड करून उभे राहायचे. या खेळाचा जन्म एका बापाच्या हातून झाला. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. त्या फळीला पाय बांधायची सोय नव्हती, पुढच्या टोकाला एक दोरी तेवढी होती. पुढे जेक बर्टन कारपेंटर यांनी १९७७ पासून व्हरमाँटमध्ये फळ्या करायला सुरुवात केली, पाय बांधायची साधने आली आणि फळी माणसाच्या हुकमात आली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्कीवाला पडला की जोराच्या झटक्याने त्याचा बूट स्कीतून सुटतो. फळीचे बाइंडिंग तसे सुटत नाही. माणूस पडला तरी दोन्ही पाय फळीला बांधलेलेच राहतात. म्हणून बूट आणि बांधणी यांच्यात चूक झाली, तर ती थेट अंगावर येते.

दुसऱ्या दिवशीची पडझड

पहिला दिवस उठणे, बसणे आणि सरकणे यांत गेला. दुसऱ्या दिवशी वळायला शिकवले. फळीला दोन कडा असतात. टाचेकडची कड दाबली की एका बाजूला वळते, चवड्याकडची दाबली की दुसऱ्या. टाचेकडचे वळण माझ्या मुलीला जमले. चवड्याकडचे जमेना. ती चवड्यावर भार द्यायची तेव्हा बुटाच्या आत तिची टाचच वर उचलली जायची. पाय हलायचा, पण बूट जागेवर राहायचा, आणि फळीला काही कळायचेच नाही.

दुपारी अकराव्या-बाराव्या प्रयत्नाला तिची कड बर्फात धरली नाही. फळी सपाट झाली, उताराकडची कड एकदम अडकली आणि पोर मागच्या मागे आदळली. पडताना तिने हात मागे टेकला. मी पन्नास पावलांवर उभा होतो. गमबुटातून धावता येईना.

दवाखान्यात चित्र काढले. हाड मोडले नव्हते, मनगट मुरगळले होते. डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती सांगितली. ती रडत होती ती दुखण्यासाठी नव्हे. दहातले तीन दिवस गेले होते.

"अण्णा, आईला सांगू नका," ती म्हणाली. "ती म्हणेल, सांगितलं होतं मी." मी मान हलवली. मला ठाऊक होते, की जाब तिला नव्हे, मला द्यायचा होता.

सफरचंदवाल्या तरुणाची शिकवणी

तिच्या वर्गाला शिकवणारा तरुण तांगमर्गजवळच्या एका गावचा. घरची सफरचंदाची बाग. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळे उतरवायची, पेट्या भरायच्या, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की वर येऊन शिकवायचे. संध्याकाळी तो आमच्या खोलीवर आला. अंगात फेरन, आत कांगडीची ऊब. त्याने आधी मुलीचा हात पाहिला आणि मग तिचा बूट मागितला. बुटात दोन बोटे घातली आणि माझ्याकडे पाहिले.

"चाचाजी, हा बूट कुणी निवडला?"

मी खरे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "आमच्याकडेही आईबाप असंच करतात. पण बर्फावर मोठा बूट म्हणजे सैल लगाम."

मग त्याने पाय मापायला शिकवले. संध्याकाळीच मापायचा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहायचे. सर्वांत पुढे आलेल्या बोटाशी रेघ मारायची. भिंतीपासून रेघेपर्यंत जितके सेंटिमीटर, तितके बुटाचे माप. हे माप बहुतेक बुटांच्या आत छापलेले असते. दोन्ही पाय मापायचे, मोठा असेल तो धरायचा. माझ्या मुलीचा पाय साडेचोवीस सेंटिमीटर भरला. आम्ही आणला होता तो साडेपंचवीसचा.

"बूट घालून सरळ उभं राहा," तो म्हणाला. "बोटं पुढच्या टोकाला हलकी टेकली पाहिजेत. आता गुडघे वाकवा. बोटं जराशी मागे सरतात. हे झालं की लांबी बरोबर. आता चवड्यावर उभं राहा. टाच आत उचलली जाता कामा नये. उचलली, तर तो बूट परत द्या, फुकट मिळाला तरी."

मोजे किती? एकच जोड, लोकरीचा, पातळ किंवा मध्यम जाडीचा. दोन मोजे घातले की ते एकमेकांवर सरकतात, घडी पडते, फोड येतात, रक्त दबते आणि पाय उलट गार पडतो. शिवाय नवा बूट चार-आठ दिवस वापरला की आतला मऊ थर दबून बूट किंचित मोकळा होतो. म्हणून सुरुवातीला तो नीट अंगासरशी असावा, मात्र दुखता कामा नये. पहिल्याच दिवशी सैल असलेला बूट पुढे आणखी सैलच होणार.

बूट आवळायचे प्रकारही त्याने दाखवले. साधी नाडी, ओढून अडकवायची दोरी आणि चकती फिरवून आवळायची तार. नाडी सर्वांत साधी, कुठेही दुरुस्त होते. चकती झटपट आवळते, पण तार तुटली तर भाग बदलावा लागतो. "कुठलीही घ्या," तो म्हणाला, "घोट्यापाशी टाच पक्की धरली गेली म्हणजे झालं."

ज्याची जशी चाल, तशी बांधणी

मी विचारले, "मग सर्वांत भारी बूट घेतला तर?"

त्यावर त्याने मला जो प्रश्न विचारला तो मीच शेतकऱ्यांना आयुष्यभर विचारत आलो आहे. "चाचाजी, पिकवायचं काय आहे?"

भारी बूट बहुधा कडक असतो. कडक बुटात पाय जरा हलला की फळीला लगेच कळते. उंच, उभ्या डोंगरावरून वेगाने उतरणाऱ्या मुरलेल्या माणसाला तेच हवे असते. पण नवशिक्याच्या पायाची प्रत्येक चूकही तो बूट तितक्याच तत्परतेने फळीला सांगतो. नरम बूट चूक पोटात घालतो. म्हणून नवशिक्याने नरम किंवा नरम-मध्यम घ्यावा. उड्या मारणारे, लोखंडी नळीवरून घसरणारे, कसरती करणारेही नरमच घेतात, कारण त्यांना घोटा फिरवावा लागतो. आज इथे, उद्या तिथे असे सगळीकडे फिरणाऱ्याला मध्यम बरा. अंगाने हलक्या माणसाला तोच बूट जास्त कडक वाटतो, हेही पाहावे. बुटांवर नरमपणाचा आकडा एकपासून दहापर्यंत लिहिलेला असतो, पण एका कंपनीचा पाच म्हणजे दुसरीचा पाच नव्हे. आकडा वाचू नये, बूट वाकवून पाहावा. कोरडवाहू रानात भरपूर पाण्याचा वाण लावला तर दोष वाणाचा नसतो, निवडणाऱ्याचा असतो. तेच इथे.

बूट ठरला की मग बाइंडिंग. हे समजायला मला वेळ लागला नाही. बूट म्हणजे बैलाचा खांदा, बाइंडिंग म्हणजे जू आणि जोते, फळी म्हणजे नांगर. जू नीट बसले नाही तर नांगर कितीही चांगला असो, तास सरळ जात नाही आणि खांदा सुजतो.

बाइंडिंगला खाली तळपट्टी असते, मागे पोटरीला टेकणारी पाठ, घोट्यावरून एक पट्टा आणि चवड्यावरून दुसरा. पट्टे दातेरी असतात, खटक्याने आवळतात. निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. बाइंडिंगचे माप बुटाच्या मापाला जुळावे. टाच मागच्या खोबणीत पूर्ण बसावी. पट्टा आवळल्यावर त्याचा मधला भाग पायाच्या मध्यावर यावा. आणि बाइंडिंगचा कडकपणा बुटाच्या कडकपणाशी मिळताजुळता असावा. नरम बुटावर कडक पट्टा आवळला की पायाला काचतो. उतारावर बसून पट्टे लावायचा त्रास वाचवायला मागून पाय घालायचे किंवा नुसते दाबून अडकणारे प्रकारही निघाले आहेत. पण दाबून अडकणाऱ्या प्रकाराला त्याच पद्धतीचा बूट लागतो. एक घेतला आणि दुसरा नाही, तर दोन्ही वाया.

मग बसवायची पद्धत. आधी पुढचा पाय कुठला ते ठरवायचे. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरावे. जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे असेल त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असेल त्याला गूफी. दोन्हींत उणेअधिक काही नाही. दोन पायांतले अंतर साधारण खांद्यांच्या रुंदीएवढे, फार तर थोडे जास्त. पुढचा पाय फळीच्या टोकाकडे १५ अंश वळवावा, मागचा शेपटीकडे ६ पासून १५ अंश. बदक उभे राहते तसे. नवशिक्याला आणि कसरत करणाऱ्याला हे सोयीचे. उभ्या डोंगरावर वेगाने उतरणारे पुष्कळदा दोन्ही पाय थोडे पुढेच वळवतात. मागची पाठ नवशिक्याने फार पुढे झुकवू नये, गुडघे आणि मांड्या भरून येतात. बूट फळीच्या दोन्ही कडांबाहेर सारखाच डोकवावा. एकीकडे जास्त आला तर वळताना तो बर्फाला घासतो आणि माणूस फेकला जातो.

त्याने आमची फळी उलटसुलट करून पाहिली. बाइंडिंग आधीच्या कुण्या मोठ्या पायासाठी बसवलेले होते आणि एक स्क्रू ढिला होता. त्याने खिशातून स्क्रू पिळायचे छोटे हत्यार काढले. "हे रोज सकाळी," तो म्हणाला. आपण पाभरीचे फण रोज सकाळी ठोकून पाहतो, तसेच.

चौथी सकाळ

चौथ्या दिवशी साडेचोवीसचा बूट बदलून आणला. मनगटाला आधाराची पट्टी घेतली. नवशिक्याने ती आणि डोक्याला हेल्मेट पहिल्या दिवसापासूनच वापरावे, कारण पडताना हात आपोआप टेकला जातो. विश्रांती संपल्यावर मुलगी पुन्हा उतारावर उभी राहिली. मी देवदाराखाली थांबलो. तिने टाचेवर एक वळण घेतले. मग चवड्यावर. कड बर्फात अशी धरली, की करकर आवाज माझ्यापर्यंत आला. तिने वळून माझ्याकडे पाहिले नाही. तिला माझी गरज नव्हती, आणि ते पाहून मला बरे वाटले.

शेवटच्या दिवशी तिच्याबरोबरच्या काहींनी पाळण्याच्या दुसऱ्या टप्प्यावर जायचा बेत केला. शिकवणाऱ्या तरुणाने तिला सरळ नाही म्हटले. वरचा उतार दाबून तयार केलेला नसतो, बर्फ खोल असतो आणि हिमकडे कोसळण्याची भीती असते. तिथे जाणत्या वाटाड्याशिवाय मुरलेल्यानेही जाऊ नये.

परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, पण हवी ती श्रेणी मिळाली नाही. तीन दिवसांची भरपाई झाली नाही. ही गोष्ट मी घरी आल्यावर तिच्या आईला स्वतः सांगितली, माझ्या चुकीसकट. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजवर पोरांच्या बुटांत कापूस कोंबला तो मीच." एवढेच.

मुलीने पुन्हा पॅकहाउसला जाऊन पैसे जमवले. फळी घ्यायची नाही, ती भाड्याने मिळते, असे तिने ठरवले. बूट मात्र स्वतःचे घेतले, कारण पाय आपला असतो. नरम-मध्यम, साडेचोवीसचे. वापरून झाले की आतला थर बाहेर काढून सावलीत वाळवायचा. बुखारीला चिकटवून ठेवायचा नाही, डिंक सुटतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत ती जाणार होती. पण त्या वर्षी बर्फच कमी पडला, तिथल्या राष्ट्रीय स्पर्धासुद्धा मार्चमध्ये ढकलल्या गेल्या. त्या तरुणाने फोनवर सांगितले, "बर्फ नाही, म्हणजे शिकवणी नाही. आणि बागेलाही पाणी नाही." त्याची काळजी मला चांगलीच समजली.

धाकटीचे बूट आमच्या माळ्यावर आहेत, वर्तमानपत्राचा बोळा भरून. त्या जूनमध्ये मी नातवाला शाळेचे बूट घ्यायला तालुक्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, एक नंबर मोठा देतो, पुढच्या वर्षीही चालेल." मी म्हणालो, "नको. आधी कागद द्या, आणि याला भिंतीला टाच टेकवून उभा करा."